एका दिवसात एक घाट, नाहीतर एक खाडी

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दिवाळीनंतर आई-बाबा, जावई आणि लेकाला घेऊन कॅम्परने, म्हणजे झोपायची-रांधायची सोय असलेल्या गाडीने, कोकण करायचं म्हणतेस, आणि गाडी बहुतेक तूच चालवणार आहेस. वाचून फार बरं वाटलं. तू पाठवलेला बेत नकाशा पुढ्यात घेऊन दोनदा वाचला. पहिल्या दिवशी पुण्याहून ताम्हिणी उतरायची, हरिहरेश्वर बघायचं, बागमांडल्याला गाडी जंगल जेटीवर, म्हणजे खाडीपार नेणाऱ्या बोटीवर, चढवायची आणि मुक्कामाला आंजर्लं. कागदावर हे दोनशे किलोमीटरच्या आसपास दिसतं. लहान मोटारीने होईलही. कॅम्परने करू नकोस.

का, ते सांगतो. मी 31 वर्षं एसटी चालवली. निवृत्तीनंतर पहिल्यांदा भाड्याची कॅम्पर घेऊन घरच्यांना काढलं, तेव्हा तुझ्यासारखाच बेत आखला होता. घाट, देऊळ, खाडी, सगळं एकाच दिवसात. दाभोळच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा शेवटची बोट गेली होती. पलीकडे धोपाव्याचे दिवे दिसत होते. बोटीने तो काठ काही मिनिटांचा, पण रस्त्याने जायचं तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा. मी गाडी वळवली. माझी आई तेव्हा 78 वर्षांची होती, तिला वळणावळणाला गाडी लागत होती. उत्तररात्री गुहागरला पोचलो तेव्हा ती कुणाशी बोलायच्या अवस्थेत नव्हती. आणि गाडीत चार बिछाने होते! पाण्याची टाकी भरलेली होती, डब्यात तांदूळ होते. घर बरोबर घेऊन निघालो होतो, तरी मुक्काम गाठायच्या घाईत आईला रात्रभर हाल सोसायला लावले. ती गोष्ट मला अजून सलते.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. एका दिवसात एक घाट, नाहीतर एक खाडी. दोन्ही नाहीत. ताम्हिणी उतरलीस की माणगाव, म्हसळा करत दिवेआगरला थांब. दुसऱ्या दिवशी सावित्रीची खाडी, बागमांडला ते वेसवी. मग एक दिवस आंजर्ल्यात नुसतं बसा. पुढे दाभोळला वाशिष्ठीची खाडी, त्यापुढे तवसाळ ते जयगड शास्त्रीची. गणपतीपुळे, रत्नागिरी झालं की आंबा घाटाने वर चढून कोल्हापूर. तुझ्या पाच दिवसांचे आठ होतील. रजा मिळत नसेल तर गुहागरपर्यंतच जा आणि चिपळुणावरून कुंभार्ली घाट चढून परत ये, पण दिवस कोंबू नकोस.

आता घाटाचं. तू माझ्याकडे शिकलीस तेव्हा लहान गाडी होती. कॅम्परमध्ये पलंग, ओटा, पाणी, बॅटऱ्या, सगळ्याचं ओझं आहे आणि उतारावर ते ओझं तुला पुढे ढकलतं. जो चढ ज्या गिअरमध्ये चढली असतीस, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा. वेग इंजिनाला धरू दे. ब्रेकवर पाय सतत ठेवलास तर लायनिंग तापतं, जळका वास येतो आणि मग पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. वास आलाच तर रुंद जागा बघून थांब आणि अर्धा तास गार होऊ दे. तापलेल्या चाकांवर पाणी मात्र ओतू नकोस. न्यूट्रलमध्ये उतरवायचा विचारसुद्धा मनात आणू नकोस. अरुंद जागी समोरून चढणारी गाडी आली तर तू थांबायचं, चढणाऱ्याचा हक्क पहिला. आणि या गाडीचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे असतो, तो वळणावर बाहेर फेकला जातो. पुढचं टोक निघालं म्हणजे गाडी निघाली असं धरू नकोस.

लेकाला गाडी लागते म्हणालीस. त्याला पुढे तोंड करून, लांबचं दिसेल असा बसव. हातात मोबाइल नको, पोट तुडुंब नको, आलेपाकाची वडी जवळ असू दे. गाडी चालू असताना मागच्या पलंगावर कुणी झोपायचं नाही, आईनेसुद्धा नाही. सगळे सीटवर, पट्टा लावून.

समुद्राचं वेळापत्रक तिथीवर चालतं. कोकणातली जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात आणि भरतीची वेळ सांगतात. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दिवसा आणि रात्री तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि साधारण सहा तासांनी, नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहाला भरती. रोज ती पाऊण तासाहून थोडी जास्तच पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे सर्वांत मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत लहान. लेकाला हा हिशोब करायला लाव, त्याला पाऊणकी पाठ व्हायला यापेक्षा चांगली शाळा नाही. अंदाज काढलात तरी गावात एकदा विचारून खात्री करायचीच. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा खडकांवरून आहे आणि ती ओहोटीलाच करायची. तिथे लाटेने माणसं ओढून नेली आहेत. हेदवीची बामणघळ याच्या उलट, भरतीला बघायची, कारण तेव्हाच घळीत शिरलेलं पाणी उंच उसळतं. लांबून बघा, बाबांचा हात धरून.

बोटीवर चढतानाही भरती-ओहोटी लक्षात ठेव. पाणी उतरलेलं असलं की धक्क्याचा उतार जास्त लागतो आणि लांब गाडीचा मागचा बंपर घासतो. बोटीवरची पोरं हाताने दाखवतात, त्यांचं ऐक, ती रोज गाड्या चढवतात. चढल्यावर इंजिन बंद, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये. मग सगळ्यांना खाली उतरव. बागमांडल्याला लेकाला सांग, हे पाणी जुन्या महाबळेश्वरातून निघालेल्या सावित्रीचं आहे. तिथूनच निघालेली कृष्णा उलट दिशेला, बंगालच्या उपसागराकडे गेली. दाभोळला कोयनेचं सांग. ती पूर्वेकडे जाणारी नदी, पण तिचं पाणी डोंगरातून बोगद्याने खाली आणतात, त्यावर वीज करतात आणि मग ते वाशिष्ठीला मिळतं. ज्या सह्याद्रीवरून आपण उतरलो तोच इथे पायाखालून वाहतो आहे, हे मुलाला बोटीच्या कठड्याशी जितकं कळतं तितकं पुस्तकात कळत नाही.

गाडी वाळूत उतरवायची नाही. ओली वाळू टणक दिसते, पण थांबलीस की चाकं रुततात, आणि भरती वाट बघत नाही. रात्री एखाद्या घराच्या आवारात, मालकाला विचारून, थोडे पैसे देऊन थांब. गावात शिरण्याआधी जावयाला उतरवून पुढे चालत पाठव. कोकणातल्या गल्ल्यांना दोन्ही बाजूंनी जांभ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, असतात, वर माडाच्या झावळ्या आणि विजेच्या तारा. गाडीची उंची-रुंदी कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटव. किनाऱ्याजवळ असलात तर समुद्राकडचे दिवे मालवा. वेळास, आंजर्लं इथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला येतात. पिल्लं उजेडाच्या रोखाने चालतात, आणि तो उजेड तुझ्या गाडीचा असला तर ती समुद्राऐवजी रस्त्याकडे येतील. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये ही कासवं जपायचं काम सुरू केलं. आपल्या एका बल्बने त्यांच्या कष्टावर पाणी पडू नये.

गॅसची टाकी चालत्या गाडीत आणि बोटीवर बंद. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साठतो. म्हणून खालची झरोक्याची जाळी पिशव्यांनी झाकू नका आणि शेगडी चालू असताना खिडकी उघडी ठेवा. बॅटरीवर एसी लावायचा नाही. 100 अँपिअर-तासांची साधी 12 व्होल्टची बॅटरी निम्मीच वापरायची म्हटलं तर सहाशे वॉट-तास मिळतात. त्यात पंखा रात्रभर चालेल, एसी तासभरही नाही. भांड्यांचं पाणी टाकीत साठव, आवारातल्या माणसाला विचारून माडाच्या आळ्यात ओत. खाडीत नको.

नवा बेत आखलास की मला पाठव. आणि आईला खिडकीची जागा दे, डाव्या बाजूची. दिवेआगरपासून रत्नागिरीपर्यंत तुम्ही दक्षिणेकडे जाणार, तेव्हा समुद्र उजवीकडे असेल हे मला माहीत आहे. पण तिला चढ-उतरायला डावीकडचं दार जवळ पडतं, आणि समुद्र ती थांबल्यावर बघेल.

तुझा,
काका