अमेरिकेला बटवे पाठवणाऱ्या मुलीस

नाशिक

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. न्यू जर्सीच्या बाईंकडे कुरिअरवाल्याने दारात पैसे मागितले, त्यांनी पार्सल घ्यायला नकार दिला, आणि आता तू विचारतेस, "मावशी, अमेरिका बंदच करून टाकू का?" फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू आकडे लिहून घेत नाहीस, म्हणून हे पत्र.

आधी काय झालं ते नीट समजून घे. 2016 पासून अमेरिकेत एका माणसाच्या नावे दिवसाला 800 डॉलरपर्यंतचा माल आला तर ड्यूटी, म्हणजे आयात शुल्क, लागत नव्हती. आपल्यासारख्या घरगुती धंद्यांचं सगळं गणित या सवलतीवर चालायचं, आणि गंमत म्हणजे निम्म्या जणींना अशी काही सवलत आहे हेच माहीत नव्हतं. 29 ऑगस्ट 2025 ला ती सगळ्या देशांसाठी बंद झाली. त्याच महिन्यात भारतीय मालावर 7 तारखेला 25 टक्के लागले आणि 27 तारखेला आणखी 25. म्हणजे तुझा बटवा एका महिन्यात शून्यावरून पन्नास टक्क्यांवर गेला. वर आपल्या टपाल खात्याने 25 ऑगस्टपासून अमेरिकेचा माल घेणं थांबवलं, ते 15 ऑक्टोबरला सुरू केलं. तोवर वसुबारस दोन दिवसांवर आली होती. दिवाळीचा माल दिवाळीआधी कसला पोचतोय!

नंतर फेब्रुवारी 2026 मध्ये दर 18 टक्क्यांवर आणायचं जाहीर झालं. त्याच महिन्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते शुल्क ज्या कायद्याखाली लावलं होतं त्या कायद्यात असा अधिकारच नाही असा निकाल दिला, आणि लगेच दुसऱ्या कायद्याखाली नवं शुल्क आलं. 800 डॉलरची सवलत मात्र परत आली नाही. हे सगळं पाठ करू नकोस. पार्सल टाकायच्या दिवशी त्या दिवसाचा दर बघायचा, एवढी सवय लाव.

माझं म्हणणं असं आहे की दर किती, यापेक्षा ते पैसे कोणाच्या दारात आणि कधी मागितले जाणार, हे आधी ठरव. तुझ्या त्या बाई दराला चिडल्या नाहीत. खरेदी करताना एक किंमत सांगितली आणि दारात दुसरी मागितली, याला चिडल्या. तीच रक्कम तू आधी सांगितली असतीस तर कदाचित त्यांनी दिली असती, कदाचित बटवा घेतलाच नसता. दोन्ही चाललं असतं. परत येणारं पार्सल मात्र दोन्ही बाजूंचं भाडं खातं.

लासलगावात कोणालाही विचार. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने रातोरात कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावलं, तेव्हा बंदराकडे निघालेल्या मालाचे सौदे जुन्या भावाने झालेले होते. शुल्क वाढलं तर कोण भरणार हे ज्याच्या सौद्यात लिहिलेलं नव्हतं, तो अडकला. तुझा बटवा कांद्यासारखा सडत नाही, एवढंच तुझं नशीब.

तेव्हा ड्यूटी पाठवणाऱ्याने आधीच भरायची, ही पद्धत धर. कुरिअरवाले तिला डीडीपी म्हणतात, आणि टपालानेही अमेरिकेसाठी आता बुकिंगच्या वेळीच ड्यूटी घ्यायची सोय केली आहे. गिऱ्हाइकाला एकच अंतिम रक्कम सांग. कुरिअरच्या खिडकीवर "ड्यूटी कोण भरणार" या रकान्यावर बोट ठेवून विचारत जा, कारण काउंटरवरचा पोरगा घाईत काहीही टिक करतो.

आता बिलाकडे ये, कारण तुझे पैसे खरे इथे जातात. तू पाठवलेलं बिल मी पाहिलं. "हँडिक्राफ्ट आयटम, 1 नग, 4000 रुपये, शिपिंग फ्री." या एका ओळीत दोन घोटाळे आहेत.

पहिला घोटाळा भाड्याचा. अमेरिकेत ड्यूटी मालाच्या किमतीवर बसते, परदेशी वाहतुकीचं भाडं त्यात धरत नाहीत. तुझ्या 4000 मध्ये हजारभर रुपये भाडंच आहे ना? ते वेगळ्या ओळीत दाखवलंस तर ड्यूटी 3000 वर लागेल. पन्नास टक्क्यांच्या दिवसांत हा फरक बटव्यामागे 500 रुपयांचा होता. यात काही लबाडी नाही, नियमच तसा आहे, फक्त भाड्याची पावती जोडून ठेव. युरोप आणि ब्रिटनमध्ये मात्र उलटं: तिथे भाडं आणि विमा धरून किंमत काढतात. तिथे "शिपिंग फ्री" लिहिल्याने असा फरक पडत नाही.

दुसरा घोटाळा वर्णनाचा. "हँडिक्राफ्ट" नावाची वस्तू कस्टम्सला माहीत नसते. त्यांना वस्तूच्या प्रकाराचा कोड लागतो, आणि त्यातले पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात. बटवा आणि पर्स 4202 मध्ये जातात, रेशमी स्टोल 6214 मध्ये, सोफ्यावरच्या कुशनचा अभ्रा 6304 मध्ये. येवल्याच्या एकाच मागावरचं कापड, पण तीन वस्तू, तीन कोड आणि दर वेगवेगळे. वर्णनात लिही: पैठणी विणीच्या रेशमी कापडाचा हाताने शिवलेला बटवा, अस्तर सुती, बनावट भारत. नीट नाही लिहिलंस तर तिथला अधिकारी त्याच्या मनाने कोड लावतो, आणि त्याच्या मनात तुझा फायदा नसतो.

तुझी सुरगाण्याची मैत्रीण वारली चित्रं काढते ना, तिच्या कानावर घाल. कागदावर किंवा कापडावर हाताने काढलेलं मूळ चित्र 9701 मध्ये येतं. त्यावर अमेरिकेत मूळ ड्यूटी शून्य आहे आणि 2025 च्या त्या वाढीव शुल्कातूनही कलाकृती वगळलेल्या होत्या. तेच चित्र ट्रेवर काढलं की तो ट्रे, आणि छापलं की ती छपाई. भांडी बाजारातून तांब्याचे लोटे घेऊन सोबत द्यायचा तुझा विचार सध्या बाजूला ठेव. तांब्याच्या बऱ्याच वस्तूंवर अमेरिकेने ऑगस्ट 2025 पासून वेगळे 50 टक्के लावले, आणि लोट्याचा नेमका कोड तपासल्याशिवाय त्यात पडू नये.

एक गोष्ट तुझ्या कानावर येईल, "गिफ्ट लिही, किंमत निम्मी दाखव, सगळे करतात." करत असतील. पार्सल हरवलं तर भरपाई दाखवलेल्या किमतीपुरतीच मिळते. बँकेत आलेले डॉलर आणि बिलातला आकडा जुळला नाही तर उत्तर तुलाच द्यावं लागतं. दुबईच्या चुलतभावाच्या पत्त्यावरून पाठवायची युक्तीही विसर, कारण येवल्यात विणलेलं कापड दुबईला जाऊन आलं तरी भारतीयच राहतं. आणि विकायचा माल कोणाच्या मावशीच्या सुटकेसमधून पाठवू नकोस. ती मावशी मी असले तरी.

आता काय विकायचं ते. दोनशे-चारशेच्या किचेन अमेरिकेला पाठवणं थांबव. ड्यूटी टक्क्याने लागते, पण कुरिअरचा कागदपत्रांचा खर्च ठरलेला असतो, तो किचेनपेक्षा महाग पडतो. त्या इथेच प्रदर्शनात विक. पूर्वी 800 च्या आत बसावं म्हणून आपण ऑर्डर तोडून पाठवायचो. आता अमेरिकेसाठी उलट कर आणि एकाच गिऱ्हाइकाचं सगळं एका पार्सलात घाल, म्हणजे तो खर्च एकदाच पडेल. ब्रिटनला 135 पौंडांची आणि युरोपला 150 युरोंची रेषा लक्षात ठेव, त्यापुढे कागदपत्रं आणि कर दोन्ही बदलतात.

मोर-मुनियाच्या काठाचा बटवा मात्र ठेव, आणि त्याची किंमत वाढवायला लाजू नकोस. तशी वीण मशीनवरच्या नकलेत मिळत नाही हे घेणाऱ्या बाईला कळतं. तरीही ती किंमत कमी करायला सांगेल. न्यू जर्सीतल्या एडिसनचा दुकानदार तर सांगेलच, "अर्धी ड्यूटी तुम्ही सोसा." तेव्हा कुठून कापायचं ते आधी ठरवून ठेव. पॅकिंगचा खोका साधा कर, अस्तर बदल, तुझा नफा थोडा कमी कर. विणकराच्या मजुरीला हात लावायचा नाही. तो माग सोडून सिन्नरच्या कारखान्यात गेला तर परत येत नाही, आणि मग दर शून्यावर आला तरी तुझ्याकडे पाठवायला काही नसेल. दुकानदाराला भाव देताना मात्र खाली लिहीत जा: हा भाव पंधरा दिवसांपुरता, आणि माल तिथे उतरताना जी ड्यूटी असेल ती खरेदीदाराची.

कागदपत्रांचं थोडक्यात. पॅनवर आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा कोड, काढ, ते ऑनलाइन होतं आणि फी 500 रुपये. एजंटाला पाच हजार देऊ नकोस. जीएसटी असेल तर दर वर्षी एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र, भर. टपालाने पाठवणार असशील तर ज्या कार्यालयात डाकघर निर्यात केंद्र आहे तिथूनच पाठव, तिथे निर्यातीचं बिल ऑनलाइन भरता येतं.

परत आलेलं ते पार्सल उघडून बघ, अस्तराला वास लागलेला असतो. उन्हात नको, सावलीत वाळव. त्या बाईंना पत्र लिहून ड्यूटीसकट नवी किंमत कळव, "घेतलात तर आनंद, नाही घेतलात तरी राग नाही" असं स्वच्छ लिही. नवीन बिल तयार झालं की पाठवण्याआधी मला दाखव. फोटो नको, पीडीएफ पाठव, फोटोत मला आकडे दिसत नाहीत.

तुझी,
मावशी