वखारीतला एमबीए

प्रश्न : ताई, मी निपाणीचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बी.कॉम. वडिलांची तंबाखूची वखार आहे. कॅटच्या गुणांवर एमबीएच्या मुलाखतीचं बोलावणं आलंय. समोर तिघं बसणार. इंग्रजीत अडखळतो. शिवाय महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न काढला तर काय बोलू?

उत्तर : इंग्रजीची धास्ती सोड. वाक्यं छोटी ठेव, प्रश्न कळला नाही तर सरळ पुन्हा विचार. खरी पंचाईत वेगळीच होते. अर्जात ऐटीत ‘फॅमिली बिझनेस’ लिहायचं आणि माल किती महिने पडून राहतो, उधारी कुठं थकते, असं विचारलं की छताकडे बघायचं! तेव्हा चार दिवस वखारीत बस. बाबांची खातेवही उघड. पानाची प्रत कोण ठरवतं, ओल जास्त लागली तर भाव कसा तुटतो, हे त्यांच्याच तोंडून ऐक. 1981 चं शेतकरी नेते शरद जोशींचं तंबाखू आंदोलन तुमच्याच गावचं, तेही घरातल्या थोरांना विचार. ‘लोकांच्या जिवावरचा धंदा का करता?’ असंही कुणी टोचेल. तंबाखूचं नुकसान नाकारू नकोस. पुढं हाच धंदा करायचा की दुसरा, ते मात्र आधी ठरवून जा.

सीमाप्रश्नावर 1956 ची राज्य पुनर्रचना, 1967 चा महाजन आयोगाचा अहवाल, 2004 पासूनचा महाराष्ट्राचा सुप्रीम कोर्टातला दावा एवढं क्रमानं सांग, मग आपलं मत दोन वाक्यांत. समोरच्याचं आडनाव बघून मत फिरवू नकोस बाबा, ते लगेच कळतं. आणि बोलताना बाकीच्या दोघांकडेही बघ.