उपास वाढवले, तरी रात्रीचं खाणं सुटेना

“मॅडम, एवढी प्रार्थना करते, तरी खाण्यावर ताबा राहत नाही. माझा विश्वासच कमी पडतो का?” माझ्याकडे समुपदेशनाला येणारी ख्रिस्ती माणसं हे फार वेळा विचारतात, बायका जास्त. घरातल्या दारूबद्दल गोव्यात लोक निदान बोलतात तरी. खाण्याबद्दल तोंड उघडायची लाज वाटते. अशाच एका ताईंची हकीकत त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई मूळच्या वसईच्या, लग्न होऊन मडगावला आल्या. नवरा बोटीवर, वर्षातले बरेच महिने बाहेर. घरात सासूबाई आणि दोन मुलं. रात्री अकरानंतर सगळी निजली की त्या स्वयंपाकघरात जायच्या. उरलेलं सोरपोतेल, सकाळसाठी ठेवलेल्या पोई, नाताळाचं दोदोल, जे हाताला लागेल ते उभ्या उभ्या, पोट दुखेपर्यंत. एकदा सासूबाईंनी दोदोल संपवल्याबद्दल थोरल्या मुलाला रागे भरलं, आणि ताई गप्प राहिल्या. त्यानंतर त्या माझ्याकडे आल्या. “मुलाला मी खोटं पाडलं हो,” म्हणून खूप रडल्या.

खादाडपणा सात प्रमुख पापांमधला, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. त्यामुळे शिक्षाही त्यांनीच ठरवली होती. बुधवार-शुक्रवार नुसता पाव आणि पाणी. इतर दिवशी सकाळी कोरा चहा, दुपारी दोन घास. मी विचारलं, रात्री अकरापर्यंत पोटात काय असतं? त्यांना सांगता येईना.

खरी मेख इथेच होती. दिवसभर उपाशी ठेवलेलं शरीर रात्री हिशेब मागतं. मग हावरटासारखं खाणं, मग लाज, मग आणखी कडक उपास, आणि पुन्हा तीच रात्र. ताबा सुटून, एकट्याने, लपून भराभर खायचं आणि नंतर स्वतःची किळस यायची, असं निदान आठवड्यातून एकदा, तीन महिने चाललं, तर तो आजार (बिंज ईटिंग डिसऑर्डर) असू शकतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेने २०१३ साली त्याला स्वतंत्र स्थान दिलं. मी ताईंना बांबोळीला मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं. देवावर भरवसा ठेवणाऱ्याने डॉक्टरकडे जाऊ नये, असं कुणी सांगत असेल तर कृपा करून ऐकू नका.

पण श्रद्धा बाजूला ठेवून मला त्यांच्याशी बोलता आलं नसतं, आणि तशी गरजही नव्हती. आम्ही बायबलमधला एलीया संदेष्ट्याचा प्रसंग वाचला, १ राजे १९. एलीया थकून झुडपाखाली पडलाय, मरण मागतोय. देवदूत त्याला बोल लावत नाही. भाजलेली भाकर आणि पाणी पुढे ठेवतो, खायला सांगतो, पुन्हा निजू देतो, पुन्हा खाऊ घालतो. परमेश्वराचं बोलणं त्यानंतर, होरेब डोंगरावर. ताई बराच वेळ ते पान बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मला असं कुणी वाढलंच नाही.”

तिथून काम सुरू झालं. तीन वेळचं जेवण आणि मध्ये दोनदा थोडं खाणं, भूक असो-नसो, ठरल्या वेळी, बसून. जेवणाआधीची प्रार्थना त्या मुलांकडून करून घ्यायच्या, स्वतः मात्र ओट्याशी उभ्याने उरकायच्या; आता त्याही टेबलाशी बसू लागल्या. वहीत खाल्लेलं लिहायचं, आणि खाण्याआधी मनात काय होतं तेही. पोप संत ग्रेगरी यांनी सहाव्या शतकात खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले: वेळेआधी खाणं, महागडंच हवं असणं, फार चोचले करणं, अती खाणं, अधाशीपणे खाणं. ताईंनी वहीशी ताडून पाहिलं. त्यांना लागू पडले शेवटचे दोनच, आणि तेही नवऱ्याचा फोन चुकलेल्या रात्री. भूक पोटाची होती, तशी सोबतीचीही होती.

उपासाचं मात्र मी ठरवू शकत नव्हते. ताई आपल्या फादरांशी बोलल्या. कॅथलिक चर्चचा नियम तसा सौम्य आहे: १८ ते ५९ वर्षांच्या लोकांनी राखेचा बुधवार (उपासकाळाचा पहिला दिवस) आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोन दिवशी एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडंसं खायचं. आजाऱ्यांना तेही बंधन नाही. फादरांनी त्यांना त्या वर्षी उपास करायचा नाही असं स्पष्ट सांगितलं. त्याऐवजी लपून खाणं सोडायचं. रात्री खावंसं वाटलंच तर दिवा लावून, ताटात घेऊन खायचं. मला हा सल्ला फार मोलाचा वाटला.

ताईंनी मुलाची माफी मागितली. नणंद फातोर्ड्यालाच राहते, तिला त्यांनी सगळं सांगितलं. आता कठीण रात्री तिला फोन जातो. पुढच्या नाताळात बेबिंक सगळ्यांबरोबर खाल्लं, दोन तुकडे. अजूनही मधूनच एखादी रात्र हातची जाते, पण दुसऱ्या दिवशी सकाळचा नाश्ता त्या चुकवत नाहीत. नवरा सुट्टीवर आला की दोघं मिळून माझ्याकडे येणार आहेत.