वाचक विचारतात : शिष्यवृत्तीचं शिफारसपत्र आणि प्रथम वर्षाचा विद्यार्थी

अभियांत्रिकीचे प्रवेश आटोपून वर्ग सुरू झाले की शिष्यवृत्त्यांचे अर्ज सुरू होतात, आणि त्यांच्या मागोमाग ‘सर, एक लेटर पाहिजे होतं’ हे वाक्य स्टाफरूममध्ये ऐकू येऊ लागतं. या वेळी जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेले बरेच प्रश्न त्याच पत्राबद्दलचे आहेत.

मी प्रथम वर्षाला इंजिनीअरिंग ग्राफिक्स शिकवतो. साक्री तालुक्यातल्या एका विद्यार्थ्यानं खासगी ट्रस्टच्या शिष्यवृत्तीसाठी शिफारसपत्र मागितलं आहे. मुलगा चांगला आहे, पण वर्ग ६६ जणांचा, ओळख जेमतेम दोन महिन्यांची आणि चाचणी एकच झालेली. खोटं लिहायचं नाही आणि पोरगा मागंही पडायला नको. काय लिहू? — एक प्राध्यापक, धुळे

ओळख दोन महिन्यांची आहे हे पहिल्याच परिच्छेदात सरळ लिहून टाका. अर्ज प्रथम वर्षाचा आहे हे निवड समितीला माहीत असतं. ‘मी या विद्यार्थ्याला जवळून आणि दीर्घकाळ ओळखतो’ असं वाचलं की उलट त्यांना शंका येते. त्याऐवजी किती काळ आणि कोणत्या कामात पाहिलं ते आकड्यांत द्या : ऑगस्टअखेरपासून, आठवड्याला दोन तास लेक्चर आणि चार तास प्रॅक्टिकल, त्यातही प्रॅक्टिकलच्या २२ जणांच्या बॅचमध्ये. ग्राफिक्सच्या शिक्षकाला इथं एक फायदा आहे. गणिताच्या तासाला मूल समोर बसलेलं दिसतं, ड्रॉइंग हॉलमध्ये ते काम करताना दिसतं.

मग डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट लिहा. दोन असतील तर उत्तम, तिसरी नको. उदाहरणार्थ असा मजकूर : ‘शंकूच्या छेदाचा प्रश्न वर्गात बहुतेकांचा चुकला. दुसऱ्या दिवशी हा एक गाजर तिरकं कापून घेऊन आला. कापाचा आकार लंबवर्तुळासारखा का दिसतो, हे त्यानं शेजारच्या दोघांना दाखवलं आणि मग स्वतःचं शीट मी न सांगता पुन्हा काढलं.’ यात ‘हुशार’, ‘मेहनती’, ‘होतकरू’ यांपैकी एकही शब्द नाही, तरी तिन्ही गोष्टी वाचणाऱ्याला कळतात. वर्कशॉपचे शिक्षक असतील तर फिटिंगच्या जॉबबद्दल लिहावं. गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावल्यावर कडेला उजेड दिसला तेव्हा त्यानं ‘चालतंय’ म्हणून जॉब जमा केला, की पुन्हा कानस हातात घेतली? मुलगा कसा आहे हे सांगायला एवढं पुरतं.

गुण लिहिताना कशापैकी किती आणि कितव्या क्रमांकाचे, हे दोन्ही लिहा. ‘मिड-सेममध्ये २० पैकी १७, ६६ जणांत चौथा’ यातून काहीतरी कळतं, नुसत्या ‘१७ गुण’मधून काही कळत नाही. पहिल्या सत्राचा निकाल अर्जाच्या मुदतीनंतर लागतो, त्यामुळे प्रथम वर्षाच्या पत्राचा आधार चाचणी, शीट्स आणि हजेरी एवढाच असतो. एमएचटी-सीईटीचा (राज्याच्या प्रवेश परीक्षेचा) उल्लेख केलात तर पर्सेंटाइल म्हणा, टक्के म्हणू नका. ९१ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातल्या सुमारे ९१ परीक्षार्थींच्या बरोबरीला किंवा पुढे. त्याचे प्रत्यक्ष गुण २०० पैकी कितीतरी कमी असू शकतात. पत्रात ‘सीईटीला ९१ टक्के’ आणि अर्जात स्कोअरकार्ड, हा विरोध छाननीत लगेच दिसतो.

गरजेबद्दल लिहायचं तर उत्पन्नाचा दाखला स्वतः पाहून लिहा. शेवटी शिफारस कशासाठी हे एका वाक्यात यावं : फी, वसतिगृह, मेस, की लॅपटॉप. कॉलेजच्या लेटरहेडवर एक पान, साधारण ३५० ते ४५० शब्द, तारीख, जावक क्रमांक, सही, हुद्दा, शिक्का आणि कॉलेजचा ईमेल. खासगी जीमेल पत्ता देऊ नका. पडताळणीचा मेल आला तर तो संस्थेच्या पत्त्यावर यावा.

ट्रस्ट दोन पत्रं मागत असेल तर दुसरं बारावीच्या शिक्षकांकडून घ्यावं, असं आपण सहज म्हणतो. पण आधी एक चौकशी करा. अकरावी-बारावीत पुष्कळ मुलांचं नाव ज्युनिअर कॉलेजच्या पटावर असतं आणि ती प्रत्यक्षात दिवसभर क्लासमध्ये असतात. अशा मुलाला कॉलेजच्या सरांनी प्रॅक्टिकलच्या परीक्षेपुरतंच पाहिलेलं असतं. त्यापेक्षा दहावीपर्यंत शिकवलेल्या विज्ञानाच्या बाईंचं पत्र चांगलं. क्लासच्या सरांचं पत्र चालतं का, हे योजनेच्या नियमांत पाहावं. बहुतेक ठिकाणी मान्यताप्राप्त संस्थेतला शिक्षकच लागतो.

आमच्या ओळखीतून आमदारसाहेबांचं पत्र मिळू शकतं. मुलाच्या अर्जाला जोडलं तर वजन पडेल का? — एक पालक, चोपडा

पडणार नाही, झालं तर नुकसानच. पत्र देणाऱ्यानं मुलाचं काम पाहिलेलं असावं ही अट असते. काही योजनांत तर बाहेरून वशिला आणल्यास अर्ज बाद, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. नात्यातल्या शिक्षकाचं पत्रही टाळा. आडनाव सारखं असलं की विचारणा होते, मग नातं असो वा नसो. खान्देशात पाटील, महाजन, चौधरी इतके आहेत की नातं नसेल तर पत्रातच ‘आमचं नातं नाही’ असं एक वाक्य घातलेलं बरं.

सर म्हणाले, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ हे बरोबर आहे का? लिहायचं तर कसं? — एक विद्यार्थिनी, शहादा

रीतसर नाही, पण सर्रास चालतं. अडचण अशी की स्वतःबद्दल लिहिताना मूल एकतर लाजतं नाहीतर फुगवतं. शिवाय पत्राची भाषा आणि अर्जातल्या निबंधाची भाषा तंतोतंत जुळते, आणि दोन्ही एकाच हातची आहेत हे वाचणाऱ्याला कळतं. इंटरनेटवरून उतरवलेला नमुना असेल तर आणखी वाईट. एकाच कॉलेजच्या तीन अर्जांना नावं बदललेलं एकच पत्र जोडलेलं निघालं, तर तिन्ही अर्ज एकाच टेबलावर शेजारीशेजारी पडतात.

पत्र लिहून नेण्याऐवजी सरांना एक माहितीचं पान करून द्या. त्यावर हे असू द्या : दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच पूर्ण नाव, शाखा आणि रोल नंबर, दहावी-बारावीचे गुण, सीईटी पर्सेंटाइल, शिष्यवृत्तीचं अचूक नाव आणि पात्रतेच्या अटी, शेवटची तारीख, पत्र कुठं आणि कसं द्यायचं. त्याखाली सरांना आठवण करून द्यायला तीन-चार ओळी : कोणत्या बॅचमध्ये आहे, कोणतं शीट किंवा प्रयोग चांगला झाला होता, काय विचारलं होतं. सोबत उत्पन्नाच्या दाखल्याची झेरॉक्स आणि तुमच्या निबंधाची प्रत. हे सगळं मुदतीच्या तीन आठवडे आधी द्या, मग दहा दिवसांनी एकदाच आठवण करा. आदल्या दिवशी मागितलेलं पत्र कसं येतं हे वेगळं सांगायला नको.

नावाचं मनावर घ्या. चौधरी हे आडनाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलं जातं. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक, आधारवर दुसरं आणि पत्रात सरांनी सवयीनं तिसरं, असं झालं की अर्ज त्रुटीत अडकतो. बोर्डाच्या कागदावर आडनाव आधी असतं, आधारवर बहुधा शेवटी. तो क्रम चालून जातो, स्पेलिंग मात्र चालत नाही.

आमची केळी आणि कापूस. दाखल्यावर उत्पन्न २ लाख ४० हजार आहे, पण जूनच्या वादळात बाग आडवी झाली. पत्रात ‘अत्यंत गरीब’ लिहिलं तर चालेल का? — एक विद्यार्थी, रावेर

‘अत्यंत गरीब’ लिहू नका. दाखल्यावरचा आकडा समोर असताना त्या शब्दाला अर्थ उरत नाही. तहसीलदारांचा दाखला मागच्या वर्षाचं उत्पन्न सांगतो. या वर्षी काय झालं हे त्याला माहीत नसतं. ती जागा पत्रानं भरायची : ‘दाखल्यावरील उत्पन्न २,४०,००० रुपये आहे. त्यानंतर जूनमधील वाऱ्यानं कुटुंबाची केळीची बाग पडली, पंचनाम्याची प्रत अर्जासोबत जोडली आहे.’ आकडा दाखल्यावरचाच ठेवायचा, त्यात स्वतःच्या अंदाजानं कमीजास्त करायचं नाही. किती झाडं पडली ते पंचनाम्यात असतं, पत्रात नको.

दाखल्याची मुदतही पाहा. एका वर्षाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो. बारावीत असताना काढलेला दाखला प्रवेशाला जोडला गेला, म्हणून शिष्यवृत्तीलाही चालेल असं धरू नका.

एक गोष्ट शिक्षकांसाठी. घरातलं आजारपण, वडिलांचं व्यसन, आईवडिलांचं वेगळं राहणं यांतलं काहीही विद्यार्थ्याला विचारल्याशिवाय पत्रात घालू नका. दया यावी म्हणून घातलेला मजकूर त्या मुलाला पुढं मुलाखतीत अनोळखी माणसांसमोर सांगत बसावा लागतो.

मुलीला ‘प्रगती’ शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायचा आहे. शिफारसपत्र कोणाकडून घ्यावं? — एक पालक, भुसावळ

कोणाकडूनच नाही. एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) ‘प्रगती’ ही मुलींसाठीची योजना आहे : वर्षाला ५०,००० रुपये, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत, एका कुटुंबातल्या जास्तीत जास्त दोन मुली, आणि एआयसीटीई मान्यताप्राप्त संस्थेत पहिल्या वर्षाला (किंवा डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला) प्रवेश. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा असतो. निवड गुणवत्तेवर होते, तिथं शिफारशीला जागा नाही. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांसाठीच्या ‘सक्षम’चंही तसंच. महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरच्या राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला किंवा मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीलाही पत्र लागत नाही.

या योजनांत कॉलेजचा सहभाग पडताळणीपुरता असतो आणि अर्ज अडतो तोही तिथंच. मुलीनं अर्ज ‘सबमिट’ केला म्हणजे तो पुढं गेला असं नाही. कॉलेजच्या लॉगिनमधून तो मंजूर व्हावा लागतो आणि त्याची मुदत वेगळी असते. दर आठवड्याला स्टेटस पाहा. ‘इन्स्टिट्यूट’च्या पायरीवरच असेल तर शिष्यवृत्ती विभागात जाऊन अर्ज क्रमांक दाखवा. बँक खातं आधारशी नुसतं जोडलेलं असून भागत नाही, डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी) तेच खातं सीडेड, म्हणजे आधारवर नोंदवलेलं, आहे का हे बँकेत विचारा. दुसरं खातं उघडताना बँकेनं तिथं सीडिंग केलं असेल तर पैसे गुपचूप त्या खात्यात जातात आणि घरचे जुनं पासबुक भरत राहतात.

धडगाव तालुक्यातला एक विद्यार्थी माझ्याकडे आला. घरात पावरी बोलतात, बारावीपर्यंत आश्रमशाळा. पहिल्या चाचणीत गणितात २० पैकी ६. मुलगा जिद्दी आहे, पण ६ गुण घेऊन शिफारस कशी करू? — एक प्राध्यापिका, नंदुरबार

मॅडम, गुण लपवू नका. गुणपत्रक अर्जासोबत जाणारच आहे. पत्रात ६ च्या शेजारी पुढं काय घडलं ते ठेवा. दुसऱ्या चाचणीत ११ झाले असतील तर ‘६ वरून ११’ हा आकडा एखाद्या सरळ १५ पेक्षा जास्त सांगतो. चाचणी अजून झाली नसेल तर तो काय करतो आहे ते लिहा : ट्युटोरियलच्या वह्या जमा करतो का, शंका घेऊन येतो का, कोणत्या प्रकरणाच्या. ‘डेरिव्हेटिव्ह जमतं, इंग्रजीतला शब्दप्रश्न वाचताना अडतो’ इतकं नेमकं निदान लिहिलंत, तर अडचण गणिताची नसून भाषेची आहे हे समितीला समजतं आणि ते समजणं त्याच्या फायद्याचं आहे.

मात्र किमान गुणांची अट असलेल्या योजनेला तो बसत नसेल, तर पत्र कितीही चांगलं असलं तरी उपयोग नाही. त्या मुलाचा वेळ मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, जमात प्रमाणपत्राची वैधता आणि वसतिगृह यांवर आधी खर्च व्हावा.

आणि ज्याच्याबद्दल चांगलं काही लिहिण्यासारखं खरंच दिसलं नाही, त्याला नाही म्हणा. ‘माझ्यापेक्षा वर्कशॉपच्या सरांनी तुझं काम जास्त पाहिलंय, त्यांच्याकडून घे’ असं सांगितलं की त्यालाही वाईट वाटत नाही. कोमट पत्र नकारापेक्षा जास्त नडतं.

अर्जात सरांचा ईमेल भरला, पण त्यांना शिफारसपत्र चढवायची लिंक आलीच नाही म्हणतात. मुदत चार दिवसांवर आहे. — एक विद्यार्थी, अमळनेर

आधी सरांना स्पॅम आणि ‘प्रमोशन्स’ पाहायला सांगा. तिथं नसेल तर अर्जात भरलेला पत्ता अक्षर-अक्षर तपासा. कॉलेजच्या डोमेनमध्ये ‘एसी’ आणि ‘ईडीयू’ची अदलाबदल हमखास होते. पत्ता बरोबर असेल तर पोर्टलवर ‘रीसेंड’चं बटण शोधा. जुन्या लिंकची मुदत काही दिवसांनी संपते, त्यामुळे नवीनच लिंक उघडायला सांगा. सरांच्या वतीनं स्वतःच्या मोबाइलवरून पत्र चढवू नका, आणि सोयीसाठी स्वतःचाच दुसरा ईमेल सरांचा म्हणून भरणं तर अजिबात नको. तसं उघड झालं की अर्ज बाद होतो. तरीही जमलं नाही तर सरांनीच कॉलेजच्या मेलवरून, अर्ज क्रमांक विषयात लिहून, सही-शिक्क्याची पीडीएफ योजनेच्या मदत-पत्त्यावर पाठवावी आणि तुम्हाला सीसीमध्ये ठेवावं. शेवटच्या दिवशी पोर्टल संथ असतं, तेव्हा हे उद्याच करा.