दार का अडतं?

प्रश्न : थिनरच्या खोलीत छताजवळ मोठा एक्झॉस्ट बसवला. वास जात नाही, उलट बाहेर उघडणारं दार ढकलायला जोर लागतो. – सुपरवायझर, वेर्णा

उत्तर : पंखा चुकीच्या जागी आहे, साहेब. थिनरमधल्या टोल्युइनची वाफ हवेच्या तिप्पट जड, ती पायाशी साचते. शोषणाचं तोंड जमिनीपासून वीतभर उंचीवर आणा; मोटर फ्लेमप्रूफच हवी, म्हणजे आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला पेटवू न देणारी.

दाराचं कारण वेगळं. हवा आत यायला वाटच नाही. आतबाहेरच्या हवेच्या दाबात 50 पास्कलचा फरक पडला तरी 2 चौरस मीटरच्या दारावर दहा किलोंचा भार येतो. समोरच्या भिंतीत लूव्हर, म्हणजे तिरप्या पट्ट्यांचा झरोका, द्या. पावसात झड येते म्हणून आपल्याकडे त्यावर हमखास पुठ्ठा ठोकतात, तेवढं बघा. आणि आतली कडी काढून पॅनिक बार, म्हणजे अंगाने ढकलताच दार उघडणारा आडवा दांडा, लावा. आजच.