यू०१८४ : स्टिरिओ बदलण्याआधी हे तपासा

प्रश्न : गाडीतला कंपनीचा स्टिरिओ अधूनमधून बंद पडतो आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो. स्कॅनरवर यू०१८४, म्हणजे ‘रेडिओशी संपर्क तुटला’ असा कोड आला. मेकॅनिक स्टिरिओ बदलायला सांगतो आहे. बदलावा का?

उत्तर : एवढ्यात नको. मुळात हा कोड स्टिरिओ देत नाही. बॉडी कंट्रोल मोड्यूल (दिवे, लॉक वगैरे सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) किंवा मीटरचे युनिट, असे दुसरेच कोणीतरी तो नोंदवते. ठरलेल्या वेळात रेडिओचा संदेश आला नाही, एवढीच त्याची तक्रार असते. सप्लाय गेला, अर्थ (गाडीच्या बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर) ढिला झाला, डेटाची वायर तुटली किंवा स्टिरिओच खराब झाला, तरी कोड तोच येतो.

आधी सगळ्या मोड्यूलचे कोड वाचून लिहून ठेवा आणि मगच पुसा. पुसल्यावर लगेच परत आला तर दोष आत्ता हजर आहे. परत आलाच नाही तर बॅटरीकडे पाहा. स्टार्टर मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल, तर असे ‘यू’ कोड उगाच साठत राहतात. अनेक मोड्यूल एकमेकांच्या नावाने ओरडत असतील, तर दोष बॅटरीत किंवा डेटाच्या मुख्य लाइनमध्ये शोधावा. सगळ्यांची तक्रार एकट्या रेडिओबद्दल असेल, तर त्याच्या कनेक्टरपाशीच काम आहे.

आता स्टिरिओ बाहेर ओढून कनेक्टर काढा. पिनांवर हिरवट गंज आहे का, एखादी पिन मागे सरकली आहे का, हे टॉर्च लावून बघा. पुढच्या काचेच्या कडेने पाणी झिरपत असेल, तर ते नेमके डॅशबोर्डच्या मागे उतरते. मग कायमच्या पॉझिटिव्ह आणि अर्थच्या पिनांवर २१ वॉटचा बल्ब लावा. तो लख्ख पेटला पाहिजे. नुसत्या मल्टीमीटरवर विसंबू नका. वायरचा एकच तार शिल्लक असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो. बल्बचे पावणेदोन अँपिअर मात्र त्या तारेतून धड जात नाहीत. बल्ब पेटलेला असतानाच अर्थ पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात मोजा. तिथे ०.१ व्होल्टपेक्षा जास्त आले, तर अर्थचा जोड घासून, आवळून घ्या. आवाज वाढवला की स्टिरिओ रीस्टार्ट होतो, असे होत असेल तर संशय सरळ इथेच घ्यावा.

सप्लाय ठीक निघाला, तर कॅन लाइन तपासा, म्हणजे मोड्यूल एकमेकांशी बोलतात ती डेटाच्या दोन वायरींची जोडी. बॅटरीचा निगेटिव्ह काढून, काही मिनिटे थांबून, कॅन-हाय आणि कॅन-लो यांच्यातला रेझिस्टन्स मोजतात. लाइनच्या दोन टोकांना १२०-१२० ओहम असल्यामुळे तो ६० च्या आसपास यायला हवा. १२० आला तर एक टोक तुटलेले, शून्याजवळ आला तर दोन्ही वायर आपसात शॉर्ट.

गफलत होते ती मोजायच्या जागेत. बहुतेक जण ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर लावतात) ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर मोजतात, ६० बघतात आणि ‘वायरिंग ओके, स्टिरिओ गेला’ असा निकाल देतात. पण रेडिओ बहुधा लाइनच्या टोकाला नसतो, मधूनच फुटलेल्या फांदीवर असतो. ती फांदी तुटली तरी मुख्य लाइन ६० च दाखवणार. शिवाय नव्या गाड्यांत मध्ये गेटवे (वेगवेगळ्या डेटा लाइन जोडणारे मोड्यूल) असतो, त्यामुळे ओबीडीवरून रेडिओची लाइन दिसतच नाही. म्हणून मोजणी स्टिरिओच्या काढलेल्या कनेक्टरवर करा, आणि करताना हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवत राहा. आकडा उड्या मारू लागला की दोष सापडला. एक अपवाद आहे. काही गाड्यांत रेडिओ कमी वेगाच्या फॉल्ट-टॉलरंट (एक वायर तुटली तरी चालणाऱ्या) कॅनवर असतो. तिथे ६० चा हिशेब लागू नाही, वायरिंग डायग्रामच पाहावा लागतो.

तुटलेली वायर जोडताना सोल्डर करून हीट-श्रिंक स्लीव्ह चढवा आणि दोन वायरींचा पीळ जोडाच्या अगदी जवळपर्यंत परत घाला. सप्लाय, अर्थ, कॅन तिन्ही कनेक्टरपर्यंत व्यवस्थित पोचत असतील आणि तरी कोड येत असेल, तर मात्र मेकॅनिकचे ऐका. जुना स्टिरिओ घेणार असाल तर तो तुमच्या गाडीला कोडिंग करून (स्कॅनरने गाडीशी जुळवून) मिळेल का, हे आधी विचारा. अनेक गाड्यांत परका युनिट नुसता जोडून चालत नाही.

प्रश्न : बाहेरचा टचस्क्रीन बसवल्यापासून हाच कोड कायम आहे. गाण्यांना काही अडचण नाही.

उत्तर : गाडी जुन्या रेडिओची वाट बघते आहे. बॉडी कंट्रोल मोड्यूलच्या कॉन्फिगरेशनमधून रेडिओ काढून टाकता येत असेल तर कोड जातो. ते जमत नसेल, तर नुसत्या कोडमुळे नुकसान काही नाही. लक्ष ठेवा ते कॅन अडॅप्टरवर, म्हणजे नवा स्क्रीन गाडीच्या कॅन लाइनशी जोडणाऱ्या डबीवर. स्वस्तातले अडॅप्टर गाडी बंद झाल्यावरही झोपत नाहीत आणि बॅटरी उतरवतात. गाडी लॉक करून अर्ध्या-पाऊण तासाने करंट मोजा. साधारण ५० मिलीअँपिअरपेक्षा जास्त दिसला तर अडॅप्टरचा प्लग काढून पुन्हा मोजा.

प्रश्न : स्टिरिओला प्लास्टिकची ऑप्टिकल केबल आहे. आवाज पूर्ण गेला, नेव्हिगेशनही बंद. मल्टीमीटरने काय मोजू?

उत्तर : केबलमध्ये काही मोजता येणार नाही, तिच्यातून प्रकाश जातो. ही मोस्ट रिंग आहे. अँप्लिफायर, ट्यूनर, स्क्रीन असे सगळे एका वर्तुळात जोडलेले असतात आणि त्यातला एक मेला की सगळेच मुके होतात. आधी प्रत्येक युनिटचा फ्यूज आणि सप्लाय बघा. मग बायपास लूप (युनिटच्या जागी प्रकाश पुढे नेणारा केबलचा तुकडा) लावून एकेक युनिट रिंगमधून वगळत जा. ज्याला वगळल्यावर बाकीचे बोलू लागतात, तो दोषी. केबल २५ मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वाकवू नका आणि तिच्या टोकाला बोट लावू नका.