चौथीच्या मुलांना शिवकाळ शिकवताना इंटरनेटचा उपयोग कसा करावा?

चौथीच्या वर्गात चित्रफितीऐवजी उपग्रह नकाशापासून सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते. गूगल अर्थवर वाई, जावळीचे खोरे आणि प्रतापगड एकाच पडद्यावर दाखवले, की १६५९ मध्ये अफजलखानाला मोठ्या फौजेनिशी त्या डोंगररानात येणे का महाग पडले असेल, याचा उलगडा मुले स्वतःच करू लागतात. त्यानंतर २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांची छायाचित्रे युनेस्कोच्या संकेतस्थळावर दाखवावीत. त्यांतला जिंजी तमिळनाडूत कसा, हा प्रश्न मुलांकडूनच येऊ द्यावा. बालभारतीचे ई-पुस्तक विनामूल्य मिळते. समाजमाध्यमांवरील गोष्टी मात्र पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहिल्याशिवाय वर्गात नेऊ नयेत, कारण त्यांतील अनेक संवादांना कोणताही समकालीन आधार नसतो.